प्रथमावृत्तीची प्रतिष्ठा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील वादग्रस्त अमेरिकन नाटकांच्या प्रथमावृत्ती जमवणाऱ्यांचा एक लाडका समज आहे. अशी प्रत जपणे म्हणजे त्या वादाचाच अवशेष जपणे, असे ते मानतात. हा समज तपासला पाहिजे, कारण ग्रंथालयेही त्याच्या आहारी जाऊ शकतात.

यूजीन ओनील यांचे ‘ऑल गॉड्स चिलन गॉट विंग्ज’ फेब्रुवारी १९२४ मध्ये ‘अमेरिकन मर्क्युरी’त प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बोनी अँड लिव्हराइट यांनी ते पुस्तकरूपाने काढले. छपाई निर्विघ्न पार पडली. गदा आली ती प्रयोगावर. कृष्णवर्णीय पॉल रोब्सन यांच्या पत्नीची भूमिका गौरवर्णीय नटी करणार, हे अनेकांना असह्य झाले. न्यूयॉर्कच्या महापौरांच्या कार्यालयाने बालनटांना परवानगी नाकारली. परिणामी १५ मे रोजी पहिल्या प्रयोगात दिग्दर्शक जेम्स लाइट यांना पहिला प्रवेश नुसता वाचून दाखवावा लागला. प्रथमावृत्तीत मात्र तो प्रवेश अखंड आहे. दडपणुकीचा ओरखडाही त्या पानांवर नाही. मग ही प्रत साक्ष कशाची देते?

मे वेस्ट यांच्या ‘सेक्स’ची कथा याहून बोलकी आहे. १९२६ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकावर फेब्रुवारी १९२७ मध्ये पोलिसांनी धाड घातली. लेखिकेला दहा दिवसांच्या कैदेची शिक्षा झाली. संहिता मात्र ग्रंथरूपाने वाचकांपुढे आली ती १९९७ मध्ये. ज्या नाटकापायी लेखिकेने तुरुंग पाहिला, त्याची समकालीन प्रथमावृत्ती अस्तित्वातच नाही. केवळ प्रथमावृत्तींनी भरलेल्या कपाटात अशा नाटकाला जागाच नसते. तरीही ते कपाट ‘संपूर्ण’ म्हणून मिरवते.

पाठचिकित्सेसाठी प्रथमावृत्ती अपरिहार्य आहे आणि संग्राहकांच्या निगराणीमुळे अनेक नाजूक प्रती वाचल्या, हे निर्विवाद. पण बाजार पाठाला भाव देत नाही. तो वरच्या कागदी वेष्टनाला आणि न हाताळलेल्या पानांना देतो. पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली, घामाने डागाळलेली तालमीची प्रत त्याच्या लेखी ‘सदोष’ ठरते. वस्तुतः कोणते वाक्य गाळले, कोणते बदलले, हे सांगण्याची शक्यता तिच्यातच असते.

नाटकाचा वाद पुस्तकात घडत नाही. तो प्रयोगात, पोलीस चौकीत आणि न्यायालयात घडतो. म्हणून ग्रंथालयांनी आपला मर्यादित निधी टंकलिखित संहिता, तालमीच्या प्रती आणि खटल्यांची कागदपत्रे यांवर आधी खर्च करावा. कोरी करकरीत प्रत श्रीमंताच्या दिवाणखान्यात सुरक्षित राहील. खुणांची वही एकदा रद्दीत गेली, की तिची दुसरी आवृत्ती निघत नाही.