बाबासाहेबांची हस्तलिखिते: कागद कुणाचा, हक्क कुणाचा, परवानगी कुणाची?

बाबासाहेबांच्या नावावर आज कोणीही उठतो आणि वाटेल ते वाक्य खपवतो. जयंतीच्या फलकावर, निवडणुकीच्या पत्रकात, मोबाईलच्या पडद्यावर अशी वाक्ये फिरतात आणि आपलेच लोक ती पुढे पाठवतात. यावर उत्तर एकच आहे: मूळ पान दाखवा. पण मूळ पान छापायची वेळ आली की आपला प्रकाशक दचकतो. कॉपीराइटचे काय? परवानगी कोणाची? या एका शब्दाचा धाक एवढा की कायद्याचे पुस्तक उघडण्याआधीच माणसे फाईल बंद करतात. हा धाक कितपत खरा आहे, हे एकदा तपासलेच पाहिजे.

आधी या कागदांचा प्रवास आठवा. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते दिल्ली उच्च न्यायालयाच्या ताब्यात गेली आणि तेथून महाराष्ट्राच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर जनरलकडे आली. ज्या माणसाने आयुष्यभर छापखाने चालवले, 'मूकनायक' काढला, 'बहिष्कृत भारत' काढला, त्याचे लिखाण पंचवीस वर्षे पेट्यांत कुलूपबंद! नागपूरचे अ‍ॅड. जे. बी. बनसोड यांनी न्यायालयात मागणी केली की एक तर मला हे छापू द्या, नाही तर शासनाने छापावे. मागणी एवढी साधी, पण प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. अखेर शासनाने नेमलेल्या समितीच्या वतीने वसंत मून यांनी वारसदारांशी आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर जनरलशी बोलणी केली आणि १९८१ साली कागद हाती आले. मून यांचे हे ऋण समाजाने विसरू नये. पण हेही विसरू नये की तेव्हा छापला गेला तो मजकूर. हस्ताक्षराची पाने समाजाने पाहिली ती क्वचितच.

पाने पाहण्याची गरज काय, असे विचारणारे भेटतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ इंग्रजीत १९५७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेली प्रस्तावना त्यात नव्हती. ती १९८० साली भगवान दास यांनी छापून लोकांसमोर आणली. लेखक एक प्रस्तावना लिहितो आणि ती वाचकांपर्यंत पोहोचायला दोन तपे लागतात. 'रिडल्स'चे प्रकरण तर सर्वांना ठाऊक आहे. १९८७ साली शासनाने चौथा खंड काढला, राम-कृष्णाच्या परिशिष्टावरून गदारोळ झाला, ते काढून टाका अशी ओरड झाली. १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईत आपल्या समाजाचा विराट मोर्चा निघाला तेव्हा कुठे परिशिष्ट वाचले, आणि तेही शासन या मताशी सहमत असेलच असे नाही, अशी टीप लावून. ज्या लिखाणावर असे हल्ले होतात, त्याच्या मूळ पानाचे छायाचित्र हा आमच्या दृष्टीने पुरावा आहे. वकील म्हणून आम्ही न्यायालयात मूळ दस्तऐवजच मागतो. मग बाबासाहेबांच्या बाबतीत नकलेवर समाधान का मानावे?

आता कायदा. कागद आणि मजकूर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दादासाहेब गायकवाडांना बाबासाहेबांनी पत्र लिहिले, तर कागदाची मालकी दादासाहेबांची. मजकुराचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. ज्याच्या कपाटात पान आहे तो पानाचा मालक असेल, पण तेवढ्याने तो शब्दांचा मालक होत नाही. हे संग्रहालयांना लागू आहे, तसे शासनालाही लागू आहे. आणि ज्यांच्या घरी बाबासाहेबांची न छापलेली पत्रे आहेत, त्या आपल्या बांधवांनाही लागू आहे.

मजकुराचा हक्क कायमचा नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे मोजायची. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले सर्व लिखाण १ जानेवारी २०१७ पासून मुक्त झाले. 'जातिसंस्थेचे निर्मूलन' हे मूळ इंग्रजी भाषण त्यात येते. 'मूकनायक'चे अंक त्यात येतात. त्यांची पाने छापायला कोणाच्या दारात जाण्याची गरज नाही.

मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लिखाणाची गोष्ट वेगळी. कलम २४ म्हणते की साठ वर्षे पहिल्या प्रकाशनानंतर मोजा. म्हणजे १९८७ साली प्रथम छापलेल्या 'रिडल्स'वर २०४७ अखेरपर्यंत हक्क चालू! 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही आठवणींची छोटी पुस्तिका पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली काढली. तिच्यावर २०५० अखेरपर्यंत. लहानग्या भीमाला गोरेगावच्या वाटेवर प्यायला पाणी मिळाले नाही, ती हकीकत त्यात आहे. ती आता कोणाला मुक्तपणे छापायची असेल तर त्याला अजून दोन तपांहून अधिक काळ थांबावे लागणार.

आणि आता गंमत पाहा. जे लिखाण कोणीच छापलेले नाही, त्याच्यासाठी याच कायद्यात कलम ५२ मध्ये एक दार उघडे आहे. ग्रंथालय, संग्रहालय किंवा जनतेला प्रवेश असलेल्या संस्थेत ठेवलेल्या अप्रकाशित लिखाणाची नक्कल संशोधनासाठी, इतकेच नव्हे तर प्रकाशित करण्याच्या हेतूने, लेखकाच्या निधनाला साठ वर्षे उलटल्यावर करता येते आणि तो हक्कभंग ठरत नाही. बाबासाहेबांच्या बाबतीत ही साठ वर्षे ६ डिसेंबर २०१६ ला पुरी झाली. पण अट वाचा: जनतेला प्रवेश असलेली संस्था. कागद एखाद्या खात्याच्या गोदामात, कुलूपबंद पेटीत असतील, तर हे कलम त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून हस्तलिखिते कुठे ठेवली आहेत हा प्रश्न नुसत्या देखभालीचा नाही, तो हक्काचा आहे. ती खुल्या वाचनकक्षात आली पाहिजेत, ही मागणी आम्ही भावनेपोटी करत नाही, कलमाच्या आधारे करतो.

राहिला छायाचित्राचा मुद्दा. काही संस्था म्हणतात, मजकूर मुक्त असेल, पण पानाचा फोटो आम्ही काढला, त्यावर हक्क आमचा. कायद्याला मौलिक कृती लागते. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोदक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितले की केवळ श्रम आणि पैसा पुरत नाही, थोडीतरी सर्जनशीलता हवी. सपाट पान काचेवर ठेवून यंत्राचे बटण दाबण्यात कसली सर्जनशीलता? युरोपीय संघाने तर २०१९ च्या निर्देशात लिहूनच टाकले की मुक्त झालेल्या दृश्य कलाकृतीच्या हुबेहूब प्रतिमेवर नवा हक्क निर्माण होत नाही. आमच्या मते मोदक निकालाचा रोखही तिकडेच आहे.

मग संस्था फॉर्मवर सही घेतात त्याचे काय? 'लेखी परवानगीशिवाय प्रसिद्ध करणार नाही' अशी ती सही असते. तो करार आहे, कॉपीराइट नव्हे. ज्याने सही केली त्याला तो बांधतो, तिसऱ्याला नाही. नकलेचा खर्च जरूर घ्यावा, जीर्ण पान हाताळू देऊ नये, तेही मान्य. पण मुक्त मजकुरावर परवानगीची फी लावणे म्हणजे सार्वजनिक पाणवठ्यावर पहारा बसवण्यासारखे आहे, आणि पाणवठ्याचा पहारा म्हणजे काय हे महाडच्या वारसांना कोणी शिकवायला नको.

एक सावधगिरी मात्र आम्हीच सांगू. कलम ५७ प्रमाणे लेखकाच्या कृतीची मोडतोड झाली तर वारसदार दाद मागू शकतात. पान छापायचे तर पूर्ण छापा, खोडलेल्या ओळीसकट. अर्धे कापून छापलेले पान आणि खोटे सुविचार यांत फार अंतर नाही.

शासनाच्या ताब्यातील कागदांसाठी एक हत्यार आपल्या हातात आहेच. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने 'अभिलेख' या शब्दात हस्तलिखिताचा स्पष्ट समावेश केला आहे. कलम ९ प्रमाणे कॉपीराइटच्या कारणाने माहिती नाकारता येते, पण तो कॉपीराइट राज्याव्यतिरिक्त दुसऱ्या कोणाचा असेल तरच. म्हणजे 'हक्क शासनाचा आहे' हे नकाराचे कारण होऊ शकत नाही. वारसदारांच्या हक्काचे नाव पुढे केले, तरी कागदांच्या यादीवर कसला हक्क? तेव्हा पहिला अर्ज यादीचा करा: १९८१ साली मिळालेल्या हस्तलिखितांची नोंदवही, पानांची संख्या, आज ती कुठे आहेत आणि कोणती पाने अजून छापलेली नाहीत. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज दीडशे शब्दांचा आणि एकाच विषयाचा लागतो, फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. म्हणून पानांच्या प्रतिमांचा अर्ज त्यात घुसडू नका, तो यादी हाती आल्यावर वेगळा करा.