वहिवाट आपली, शब्द उसने का?

संगणकाची परिभाषा मराठीत होऊच शकत नाही, असे मराठी माणसेच आम्हाला ऐकवतात. हा आक्षेप आम्ही साफ फेटाळतो.

१९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या मुक्त प्रणालीचे उदाहरण घ्या. तिच्या प्रत्येक पॅकेजच्या नोंदीत एक ‘मेंटेनर’ असतो आणि गरजेप्रमाणे ‘अपलोडर्स’ हा रकानाही असतो. शब्दाला शब्द ठेवणारा भाषांतरकार ‘देखभाल करणारा’ आणि ‘चढवणारे’ असे लिहून मोकळा होतो. परंतु डेबियनच्या नियमांनुसार या दुसऱ्या रकान्यात सह-मेंटेनरांची नावे असतात. ते नुसते चढवणारे नव्हेत, जबाबदारीचे वाटेकरी आहेत.

यासाठी आपल्या दप्तरांत शब्द तयार आहे. देवस्थानची मालमत्ता देवाची, व्यवस्था वहिवाटदाराची. बडोदे संस्थानात तर महालाचा अधिकारीच वहिवाटदार म्हणवला जाई. पॅकेजचा मूळ कर्ता वेगळा, ते सांभाळणारा वेगळा. म्हणून मेंटेनर तो वहिवाटदार, अपलोडर्स ते सहवहिवाटदार. चढवण्याचा अधिकार नसलेल्याचे काम तपासून ते स्वतःच्या सहीने चढवणारा ‘स्पॉन्सर’ हा जामीनदार. सांभाळणाऱ्याने सोडून दिलेले पॅकेज बेवारस.

सीमाभागात एकेका मराठी कागदासाठी आम्ही भांडतो. तेथेच संगणकाच्या पडद्यावर ‘इंग्रजीच बरी’ म्हणणे म्हणजे आपण होऊन लिहून दिलेले हक्कसोडपत्र होय. त्यावर आम्ही सही करणार नाही. आपणही करू नये.