विद्यापीठाची धावपट्टी

२१ फेब्रुवारी २०२५ रोजी बोस्टन येथे गुलवीर सिंग याने छताखालच्या, अवघ्या २०० मीटरच्या फेरीवर ५००० मीटर अंतर १२ मिनिटे ५९.७७ सेकंदांत पार केले. तेरा मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय. कौतुक झाले ते योग्यच. परंतु ती धावपट्टी एका विद्यापीठाची आहे, ही गोष्ट अधिक विचारात घेण्याजोगी आहे. आपल्याकडे हे काम लष्कराने केले. गुलवीर लष्करातला, बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळेही बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला आणि धावपटू म्हणून घडला तो तेथेच. मग लोहाऱ्यातील महाविद्यालयीन मुलाने भरतीची वाट पाहावी काय? छत राहू द्या. मोजून आखलेले मैदान आणि घड्याळ लावून उभा राहणारा प्रशिक्षक, एवढे तरी महाविद्यालयाने द्यावे.