झडप हृदयाची, पैसा जनतेचा

रुमॅटिक तापाने हृदयाची झडप पार निकामी झाली की कृत्रिम झडप बसवावी लागते. पूर्वी ती परदेशातून येई. किंमत गरिबाला झेपत नसे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा या सरकारी संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने देशी झडप करायला घेतली. तीन नमुने फसले. चौथा १९९० साली प्रथम रुग्णाला बसवला. पुढे उत्पादन खासगी कंपनीकडे गेले आणि आजवर लाखाहून अधिक झडपा बसल्या.

सरकारी संशोधनाला उधळपट्टी म्हणणाऱ्यांना मी विचारतो, तीनदा फसल्यावर चौथ्यांदा पैसा कोणत्या कारखानदाराने घातला असता? मात्र पैसा जनतेचा, तर अशा प्रत्येक शोधाची किंमतही जनतेला परवडावी. कंपनीशी करार करतानाच सरकारने ही अट घालावी.