फिरतं घर आणि रस्त्याकडेची मुलगी

कॉलेजमधली माझी एक मैत्रीण लग्नानंतर कॅनडात स्थायिक झाली. मागच्या उन्हाळ्यात ती आणि तिचा नवरा मोटरहोम भाड्याने घेऊन तीन आठवडे उत्तरेकडे फिरून आले. प्रिन्स जॉर्जहून पश्चिमेला प्रिन्स रुपर्ट, तिथून मागे किटवांगापर्यंत येऊन 37 नंबरच्या रस्त्याने युकॉन आणि परतताना अलास्का महामार्ग. इथे आली तेव्हा तिने आम्हाला फोटो दाखवले. अस्वलं, हिमनद्या, आरशासारखी तळी. आम्ही अगदी हरखून गेलो.

मग एकीने विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

"तोच. एवढं मोठं धूड मला कुठे झेपणार?"

"आणि स्वयंपाक?"

ती नुसतीच हसली. तिकडे रोज स्वतः गाडी चालवत कामावर जाणारी ही बाई! मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. शेगडी, फ्रीज, मोरी, बिछाना, संडास, सगळं बरोबर. पण घर बरोबर आलं की घरकामही बरोबर येतं. संडासाची टाकी नवरा रिकामी करायचा आणि त्या पराक्रमाची गोष्ट तो प्रत्येकाला रंगवून सांगायचा. तीन आठवड्यांची भांडी, अंथरुणं आणि 'उद्या खायला काय' याची काळजी मात्र कोणाच्याच गोष्टीत आली नाही. बाईच्या श्रमाचं हे अदृश्यपण आपल्याला नवीन नाही. ते हजारो मैल दूर, जंगलातही तसंच टिकून राहतं, एवढंच.

पण मला खरं लिहायचं आहे ते तिने जाता जाता सांगितलेल्या एका गोष्टीबद्दल. प्रिन्स रुपर्टच्या वाटेवर एक मोठा फलक लागला. मुलींनी लिफ्ट मागू नये, असं त्यावर लिहिलेलं. "वाचून अंगावर काटा आला," ती म्हणाली, "पण आम्ही आपले गाडीत सुरक्षित होतो."

प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रुपर्ट हा 16 नंबरच्या महामार्गाचा सुमारे 720 किलोमीटरचा पट्टा. लोक त्याला 'अश्रूंचा महामार्ग' म्हणतात. या आणि जवळच्या दोन महामार्गांवर 1969 ते 2006 या काळात बेपत्ता झालेल्या किंवा खून झालेल्या 18 मुली-स्त्रियांची प्रकरणं पोलिसांच्या विशेष पथकाने तपासाला घेतली. स्थानिक आदिवासी समाजाच्या मते खरा आकडा याहून कितीतरी मोठा आहे. अनेक आदिवासी मुली नाहीशा झाल्या तेव्हा देश गप्प होता. 2002 साली एक गोरी तरुणी या रस्त्यावर बेपत्ता झाली, तेव्हा कुठे सगळीकडे बातमी झाली. कोणाच्या जिवाला किती किंमत आहे, हे यातून कळतं.

या मुली लिफ्ट का मागत होत्या? हौस म्हणून नव्हे. दवाखाना, शाळा, नोकरी दुसऱ्या गावात, घरी गाडी नाही आणि परवडेल अशी बस नाही. 2006 साली नातेवाईक आणि आदिवासी संघटनांनी परिषद भरवली. तिच्या 33 शिफारशींत गावांना जोडणाऱ्या बसची मागणी होती. नव्या बस सुरू झाल्या 2017 साली! म्हणजे 'लिफ्ट मागू नका' हे मुलींना सांगायला फलक पुरला, पण त्यांना घरी पोहोचवणारी बस यायला अकरा वर्षं लागली. पुढच्याच वर्षी पश्चिम कॅनडातली मोठी खासगी बससेवाही बंद पडली.

पर्यटकांच्या पुस्तिकांत या भागाला 'निर्जन रानप्रदेश' म्हणतात. पण गिट्क्सान, वेट्सुवेटेन अशा लोकांचं ते पिढ्यान्‌पिढ्यांचं घर आहे. अलास्का महामार्ग 1942 साली अमेरिकन सैन्याने काही महिन्यांत बांधला, तेव्हा बाहेरच्या माणसांबरोबर साथीचे रोगही वाटेवरच्या वस्त्यांत शिरले. 2019 साली राष्ट्रीय चौकशी आयोगाने आदिवासी स्त्रियांवरील हिंसाचाराबद्दल 231 मागण्या मांडल्या. खाणी आणि तेल-वायू प्रकल्पांवरच्या पुरुष कामगारांच्या छावण्यांशी या हिंसेचा संबंध असल्याचंही त्याने नोंदवलं. ज्याला आपण विकास म्हणतो, तो रस्त्यानेच येतो आणि त्याची किंमत रस्त्याकडेला उभी असलेली बाई मोजते.

माझ्या मैत्रिणीने फिरू नये, असं मला मुळीच म्हणायचं नाही. उलट, पुढच्या वेळी चाक तिच्या हातात असावं आणि तवा त्याच्या! पण एकच रस्ता एका बाईला सहल वाटतो आणि दुसरीला जीव मुठीत धरून चालावा लागतो. हा फरक नशिबाचा नाही. वर्गाचा, वंशाचा आणि सरकारी धोरणाचा आहे.

आपल्याकडेही एस.टी.ची फेरी बंद झाली की आधी मुलीची शाळा सुटते. 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण गाडीच आली नाही तर सवलत घेऊन काय करायचं? सुरक्षिततेच्या सभांत आपण दिवे, पोलीस, हेल्पलाइन मागतो. त्या यादीत गावाची बस सगळ्यात वर का नसावी? 'मुलींनो, बाहेर पडू नका' असा फलक लावणं सोपं असतं. त्याच जागी बसथांबा उभा राहावा, म्हणून आपण किती जणी भांडणार आहोत?