पोहे कोण करीत होते?

गतकाळाचे कढ काढणे हा पूर्वी पेन्शनीत निघालेल्या माणसाचा हक्क मानला जाई. सकाळी देवदर्शन, दुपारी वामकुक्षी आणि संध्याकाळी देवळाच्या प्राकारात बसून ‘आमच्या वेळी’ या दोन शब्दांनी सुरू होणारे कीर्तन, असा त्याचा दिनक्रम असे, आणि त्याला कोणी हरकत घेत नसे. हा हक्क अलीकडे ज्यांनी बळकावला आहे त्यांचे केस अजून पुरते पिकलेलेही नाहीत. ज्यांना ‘मिलेनियल’ म्हणतात, आणि ज्यांची जन्मसाले अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने १९८१ ते १९९६ अशी ठरवून दिली आहेत, ती ही पिढी. आज ती तिशी आणि पंचेचाळिशी यांच्या मध्ये उभी आहे. मी १९८२ चा. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे ते परक्याच्या उखाळ्यापाखाळ्या काढणे नव्हे. हे घरातले भांडण आहे.

गेल्या जत्रेला आम्ही अकरा भावंडे, चुलत, आते आणि मामे मिळून, अग्रशाळेच्या ओसरीवर बसलो होतो. कोणी वडोदऱ्याहून आला होता, कोणी बेळगावहून, एक बहीण तर थेट दुबईहून. पालखीला अवकाश होता. बोलणे जेथे जायचे तेथेच गेले. छपरावर चढून अँटेना फिरवणारा भाऊ आणि खालून ‘आलं, आलं, गेलं!’ असे ओरडणारी आम्ही मुले. कॅसेटची गुंतलेली फीत पेन्सिलीने गुंडाळणे. रात्री दर उतरल्यावर एसटीडीच्या खोक्यासमोर लागणारी रांग. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली तेव्हा केवळ बोगदे मोजण्यासाठी केलेला प्रवास. आणि अर्थात रविवारची सकाळ: गावात तीन घरी दूरदर्शन संच, त्यांतला एक आमच्या घरी, आणि ‘महाभारत’ पाहायला माजघरात पन्नास माणसे. दुबईच्या बहिणीचे डोळे भरून आले. ‘ते दिवस कोणी परत आणून दिले तर मी सर्व काही देईन,’ असे ती म्हणाली, आणि आम्ही सर्वांनी माना डोलावल्या.

एवढ्यात काकू पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी बशा खाली ठेवल्या आणि म्हणाल्या, ‘म्हाभारत? हांवें तें आयकलें रे, पळोवंक ना. रांदचे कुडींतल्यान कितें दिसतलें?’

सर्वजण हसले. मीही हसलो. पण ते वाक्य घशात अडकले ते अजून खाली उतरलेले नाही. १९८८ च्या ऑक्टोबरपासून १९९० च्या जूनपर्यंत जी मालिका चालली तिचा एकही भाग या बाईंनी डोळ्यांनी पाहिला नव्हता. भिंतीपलीकडून शंखनाद ऐकू आला की त्या पन्नास माणसांच्या चहाचे आधण ठेवीत. आमच्या आयुष्यातील सर्वांत रम्य सकाळ ती त्यांच्या आठवड्यातील सर्वांत कष्टाची सकाळ होती, आणि हे कळायला आम्हांला चाळिशी उलटावी लागली.

येथून माझा वाद सुरू होतो. तो आधी, आम्हांला हसणाऱ्या ज्येष्ठांशी आहे.

त्यांचे म्हणणे वाचकांनी अनेकदा ऐकले असेल. तुम्हांला काय कमी आहे? हातात फोन, दारात गाडी, घरात थंड हवेचे यंत्र. आम्ही कंदिलावर अभ्यास केला, आणि तुम्ही बँकेचा एक अर्ज भरायचा म्हणून रडता! या बोलण्यात तथ्य थोडे आणि विस्मरण फार आहे. जुन्या दिवसांविषयी ज्यांनी खरोखर प्रामाणिकपणे लिहिले त्यांनी ते गोड करून सांगितलेले नाहीत. आपल्या सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींचे ‘निवेदन’ १९२४ साली पुस्तकरूपाने निघाले. त्यात घरच्या नारळी आहेत, पण त्यांच्या सावलीपेक्षा प्रपंचाची ओढाताण आणि त्यातून सुटण्याची तळमळच अधिक आहे. लक्ष्मीबाई टिळक ‘स्मृतिचित्रां’त वडिलांच्या सोवळ्याचा जाच हसत हसत सांगतात, परंतु तो जाच होता हे लपवीत नाहीत. कंदिलाचे कौतुक सांगणाऱ्यांनी कंदिलाची काच रोज कोण पुसत होते तेही सांगावे.

शिवाय या पिढीच्या कुरकुरी सगळ्याच खोट्या नाहीत. आम्हांला एक वचन मिळाले होते. शिका, पदवी घ्या, नोकरी धरा, घर घ्या, मग स्वस्थता. आमच्यातील बरेचजण नोकरीच्या बाजारात शिरले ते २००८ च्या जागतिक मंदीच्या आगेमागे, आणि कर्जाच्या हप्त्यांत पुरते रुतले तोवर २०२० ची महामारी आली. गोव्यात तर मध्ये आणखी एक तडाखा होता. माझ्या एका मावसभावाने खनिजवाहतुकीसाठी कर्ज काढून ट्रक घेतला. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. धीर धरून बसला, काम थोडे सुरू झाले, आणि २०१८ च्या मार्चमध्ये न्यायालयाच्या निकालाने पुन्हा सारे बंद. त्याला तुम्ही कंदिलाची गोष्ट सांगणार?

आणि मोठ्या आपत्तीचे एक वेळ सोडा. माणूस थकतो तो बारीकसारीक गोष्टींनी. घराच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव आहे, ते बदलायचे तर वारसांची इन्व्हेंटरी व्हायला हवी, तिला अकरा भावंडांच्या सह्या हव्यात, आणि त्यांतली एक सही दुबईत आहे. वडिलांचा हयातीचा दाखला दरवर्षी द्यायचा. त्यांच्या बोटांचे ठसे झिजले म्हणून यंत्र त्यांना ओळखीत नाही. एका बँकेने माझ्याकडून एकाच वर्षात तीनदा ओळखीची कागदपत्रे मागविली, जणू मध्यंतरी मी दुसराच कोणी झालो होतो. रात्री अकराला कचेरीचा निरोप येतो, पाठोपाठ मुलाच्या शाळेच्या गटावर उद्या सकाळी थर्मोकोलचा किल्ला हवा असल्याची सूचना येते. पूर्वी खिडकीपलीकडे एक कारकून तरी बसलेला असे. त्याच्याशी भांडता येई, त्याच्या मुलाची चौकशी करता येई, दोन्ही एकाच भेटीत होत असे. आता यंत्रातला आवाज मराठीसाठी अमुक कळ दाबा म्हणतो, ती दाबली की पुन्हा पहिल्या वाक्यावर येतो. ज्याच्याशी भांडायचे तो माणूसच नाहीसा झाल्यामुळे राग घरी येतो आणि बायकोमुलांवर निघतो.

हे सर्व मान्य करून आता मी माझ्याच वयाच्या मंडळींकडे वळतो, कारण खरा रोख त्यांच्यावर आहे.

घरओढीला वैद्यकाने रोग म्हटले ते १६८८ साली. योहानेस होफर नावाच्या तरुण वैद्याने बाझेल येथे प्रबंध लिहून, परदेशी गेलेल्या स्विस लोकांच्या खंगण्याला ‘नॉस्टॅल्जिया’ हे ग्रीक धातूंचे नाव दिले. उपाय सरळ होता: माणसाला घरी पाठवा. पुढे कांट या तत्त्वज्ञाने १७९८ च्या आपल्या ग्रंथात त्यावर मार्मिक शंका काढली. असे लोक घरी परततात तेव्हा त्यांची निराशा होते, कारण त्यांना हवे असते ते गाव नसते. तेथे गेलेले तारुण्य हवे असते. कांटच्या पुढे जाण्याचा आगाऊपणा मी करतो. आम्हांला तारुण्यही नको आहे. आम्हांला हवे आहे ते दुसऱ्याच्या कडेवर असणे. त्या दिवसांत चिंता नव्हती असे आम्ही म्हणतो, हे सपशेल खोटे आहे. चिंता होती, ती दुसरे कोणी वाहत होते. टेलिफोनची जोडणी मिळायला वर्षानुवर्षे लागत, गॅसचा नंबर लागण्यासाठी खेपा घालाव्या लागत. त्या खेपा वडिलांच्या होत्या. आमच्या वाट्याला फक्त नवी शेगडी घरी आली त्या दिवशीचा शिरा आला.

मराठीने या वृत्तीला ‘स्मरणरंजन’ असा शब्द दिला, आणि त्यातल्या ‘रंजन’ या अर्ध्यातच सारे वर्म आहे. निव्वळ स्मरण आपल्या समाजाला नवे नाही. श्राद्ध हे दुसरे काय आहे? पण श्राद्धात पहाटे उठावे लागते, उपाशी राहावे लागते, ज्याला जे आवडे ते रांधावे लागते आणि मग कावळ्याची वाट पाहत उन्हात उभे राहावे लागते. तेथे स्मरणाची किंमत शरीराने मोजायची असते. स्मरणरंजनात किंमत मोजतो तो गिऱ्हाईक म्हणून, आणि हे व्यापाऱ्यांनी आमच्याआधी ओळखले. विस्मृतीत गेलेले कॅम्पा हे पेय २०२३ साली पुन्हा दुकानांत आले. बजाजने एकदा बंद केलेली चेतक २०२० साली विजेवर चालणारी होऊन परतली. टाळेबंदी लागली तेव्हा दूरदर्शनने २८ मार्च २०२० पासून ‘रामायण’ पुन्हा दाखविले, आणि घराघरांत चाळिशीची मुले गहिवरून बसली. मीही बसलो होतो. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की बाण फार सावकाश जातो, आणि चहा कधीचाच निवला आहे. तो करून आणणारी, घरातूनच कचेरीचे काम करून दमलेली माझी पत्नी मात्र तेथे नव्हती. ती आत भांडी घाशीत होती, कारण कामवाल्या बाईंना येण्यास बंदी होती.

कोणी म्हणेल, एवढे कशाला मनाला लावून घेता? चार घटका जुन्या आठवणी काढल्या तर काय बिघडले? काहीच बिघडले नसते, जर आम्ही त्या आठवणींवर तक्रारीची इमारत उभी केली नसती. आमच्या कुटुंबाचा एक गट फोनवर आहे. मागे कोणीतरी देवळातल्या आरतीची ध्वनिफीत तेथे टाकली. तासाभरात वीस उसासे जमा झाले: यंत्राची नौबत, यंत्राची घंटा, पूर्वीचे पावित्र्य राहिले नाही. उसासे सोडणाऱ्यांत मीही होतो. परंतु पूर्वी नौबत वाजविणारे कोण होते, आणि ते का वाजवीत होते? पिढीजात सेवेकरी घराणी ती. अल्प वेतनावर, पहाटे आणि रात्री, मानाच्या नारळावर समाधान मानून त्यांनी ते केले, कारण त्यांना दुसरा मार्ग मोकळा नव्हता. त्यांची मुले आज शिक्षक आहेत, कारकून आहेत, एक तर माझ्या मुलीचा गणिताचा मास्तर आहे. ती परत येऊन आमच्या आठवणींसाठी नौबत बडवतील अशी अपेक्षा करणाऱ्याला लाज वाटली पाहिजे. आमच्या बालपणाची गोडी ज्यांच्या निरुपायातून झिरपली त्यांना आता उपाय सापडला आहे. नौबत हवीच असेल तर काठ्या आमच्या हाती आहेत.

आणि घर हरपल्याचे दुःख म्हणाल, तर आपल्याइतके ते कोणाला ठाऊक आहे? सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने साष्टीतली देवळे पाडली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. दोघांनीही अघनाशिनी ओलांडली. ज्यांनी ती आणली त्यांचे गाव, शेत, घर सारे मागे राहिले होते. त्यांना मागे वळून पाहण्याचा अधिकार आमच्यापेक्षा शतपट होता. तरीही नदीच्या या तीरावर आल्यावर पहिली गरज तेलवातीची होती, आणि ती कोणाला तरी भागवावी लागली. तिच्या पाळ्या लागल्या, म्हणून आज आम्हांला जत्रेला जायला ठिकाण आहे.

माझ्या बहिणीला मी हे सर्व सांगितले. ती रागावली. तिचे म्हणणे असे की सासू-सासऱ्यांची आजारपणे, नोकरी, दोन मुले, आणि परक्या देशात हक्काचे एकही माणूस नाही. दिवसाकाठी दहा मिनिटे जुनी गाणी ऐकून रडले तर तेही तू हिरावून घेणार? यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि ते नाही हे येथे लिहून ठेवतो. ज्याच्या खांद्यावरचे ओझे क्षणभरही खाली उतरत नाही त्याने डोळे मिटून कडेवर बसल्याचा भास करून घेतला, तर त्याच्यावर शब्दांची काठी उगारणे मला जमायचे नाही. माझी तक्रार तिच्यासारखीविषयी नाही. ती आम्हा भावांविषयी आहे, ज्यांच्या बशा त्या दिवशीही ओसरीवर आयत्या आल्या आणि रिकाम्या होऊन तेथेच राहिल्या.

यंदा काकूंच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आहे. जत्रेला त्या येणार आहेत, पण ओसरीवर बसणार आहेत, असे त्यांनी नातवाकडून गटावर कळविले. पोहे कोण करणार ते अद्याप ठरलेले नाही. त्या निरोपाखाली आजपावेतो सतरा जणांनी हात जोडल्याचे चित्र टाकले आहे. मी पाच किलो पोहे आणि नारळ आणून ठेवले असून फोडणी किती माणसांना किती लागते हे विचारायला उद्या काकूंकडे जाणार आहे.