गॅलरीतली बाग : आमच्या चाळीतला मेपल

दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो, की वर्षभरात आलेली वाचकांची पत्रे पुढे ओढायची, ही माझी जुनी सवय. शेवंतीला कळी का धरत नाही, तुळस ऐन कार्तिकात का वाळते, असले प्रश्न त्यांत नेहमी असतात. यंदा मात्र प्रश्न घरातूनच आला आणि त्याने वर्षभर माझा पिच्छा पुरवला.

त्याचे असे झाले. आमची भाची बोस्टनला असते. गेल्या दिवाळीत तिने शुभेच्छापत्राच्या घडीत एक पान घालून पाठवले. जपानी मेपलचे पान. बाळाच्या तळहाताएवढे, बोटे फाकल्यासारखे आणि लाल किती म्हणाल, तर नव्या कुंकवासारखे. चाळीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत ते पान तिन्ही मजल्यांवर फिरून आले. शेजारच्या काकूंनी ते दिव्यापुढे धरून पाहिले आणि म्हणाल्या, "अगंबाई, झाडावर असताना कसं दिसत असेल हो!"

झाले! त्या रात्री आमच्या सौ.नी फर्मान काढले, "अहो, इतकी वर्षं बागेवर लिहिताय. एक लाल पानांचं झाड काही तुम्हाला गॅलरीत लावता आलं नाही."

मी समजूत घालून पाहिली. म्हटले, आपला शरद वेगळा. आपण दसऱ्याला आपट्याची हिरवी पाने वाटतो आणि त्यांनाच सोने म्हणतो. पण बायकोच्या हट्टापुढे वनस्पतिशास्त्राचे काय चालणार? एका रोपवाटिकेत 'जपानी मेपल' अशी चिठ्ठी लावलेले रोप मिळाले. किंमत सांगत नाही, सौ. हे सदर वाचतात. रोप गॅलरीत आले, त्याला नवी कुंडी आली. चाळीतली मुले रोज सकाळी 'लाल झालं का?' म्हणून विचारून जाऊ लागली.

ते लाल काही झाले नाही. फेब्रुवारीत पानांच्या कडा करपल्या, मार्चमध्ये पाने गळली आणि एप्रिलच्या उकाड्यात नुसती काडी उरली.

यात रोपाचा दोष नव्हता. पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा. थंड मुलखात दिवस लहान होऊ लागले, की झाड ते हरितद्रव्य मोडते आणि त्यातले नत्रासारखे कामाचे जिन्नस परत फांदीत ओढून घेते. घर सोडताना आपण आधी भांडीकुंडी हलवतो ना, तसेच. हिरवा रंग ओसरला, की त्याखाली मुळातच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंगाचे मात्र निराळे. तो बहुतेक नव्यानेच तयार होतो. त्या द्रव्याला अँथोसायनिन म्हणतात. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा असला, पण बर्फ पडण्याइतकी थंडी नसली, म्हणजे हा रंग खुलतो. पुढे हिवाळाभर झाडाला कडक थंडीची झोपही लागते.

आता आपल्याकडचा हिशेब पाहा. जपानातल्या क्योतोला सर्वांत मोठा दिवस साडेचौदा तासांचा, तर सर्वांत लहान दहा तासांच्याही आतला. मुंबईत हाच फरक सव्वातेरा आणि अकरा तासांचा. शिवाय तिकडे ऑक्टोबरात गारवा सुरू होतो, तर आपल्याकडे त्याच महिन्यात दुसरा उन्हाळा येतो. बिचाऱ्या मेपलने झोपावे तरी केव्हा?

जपानी लोकांचे या झाडावर फार प्रेम. त्याला ते 'काएदे' म्हणतात. हा शब्द मुळात 'बेडकाचा हात' अशा अर्थाचा. १७८४ साली थुनबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन छापले, तेव्हा त्यालाही हाताच्या पंजाचेच नाव द्यावेसे वाटले. आपण जसे मुलाबाळांना घेऊन गणपती पाहायला निघतो, तसे तिकडे लोक लाल पाने पाहायला निघतात. त्याला 'मोमिजिगारी' म्हणतात. क्योतोत हा रंग साधारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धात भरास येतो. हवा तापत चालली तसा तो आता पूर्वीपेक्षा उशिरा येऊ लागला आहे, असे तिथल्या हवामान खात्याच्या नोंदी सांगतात.

असो. मेपलची काडी करपत होती, त्याच दिवसांत एक गोष्ट घडली. माघातली सकाळ होती. मी गॅलरीत चहा घेत होतो. चौकातल्या बदामावर तिरपे ऊन पडले होते आणि ते सबंध झाड लाल होते. काही पाने शेंदरी, काही तांबूस पिवळी, काही अगदी त्या बोस्टनच्या पानासारखी. फांद्या मजल्यामजल्यांनी पसरलेल्या. चाळीला तीन मजले, झाडाला पाच. खाली फरशीवर पडलेल्या पानांचा सडा आणि आमची झाडूवाली बाई कपाळाला आठ्या घालून तो गोळा करत होती.

माझ्या हातातला चहा निवला. पन्नास वर्षे मी हे झाड पाहत आलो आहे. लहानपणी याचीच बदामे दगडाने फोडून खाल्ली आणि सदऱ्यावर डाग पाडून घेऊन मार खाल्ला. पण ते लाल होते, हे कधी नजरेत भरले नव्हते. सौ.ना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या, क्षणभर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग ते रोप कशाला आणलंत?"

आता एक कबुली देतो. आदल्या पावसाळ्यात चाळ कमिटीकडे एक अर्ज गेला होता. बदामाची पाने पन्हळीत अडकतात, पाणी तुंबते, सबब झाड तोडण्याची परवानगी मागावी, असा. त्या अर्जावर पहिली सही माझी होती. बागेवर सदर लिहिणाऱ्या माणसाची! कमिटी आपली असल्यामुळे अर्ज खणात पडून राहिला, म्हणून झाड वाचले.

देशी बदाम हे आशियातल्या उष्ण किनाऱ्यांवरचे झाड. कोरड्या दिवसांत पाणी वाचवण्यासाठी ते पाने टाकते आणि टाकण्यापूर्वी ती लाल करते. रंगद्रव्ये त्याच कुळातली, फक्त पंचांग आपले. आपल्याकडे पानांचा रंग शरदात शोधला, तर निराशाच पदरी येते. तो पौष-माघात बदामावर पाहावा. पुढे फाल्गुन-चैत्रात पिंपळाच्या तांबूस कोवळ्या पालवीवर पाहावा आणि सह्याद्रीत गेलात, तर लालभडक पालवी फुटलेल्या कुसुमावर. तिकडे पान जाताना लाल होते. आपल्याकडे पुष्कळदा येतानाही लाल असते. कोवळ्या पानाला उन्हापासून जपायला तो रंग उपयोगी पडतो, असे शास्त्रज्ञ मानतात.

हे सारे उमगले आणि मी मोठ्या खुशीत होतो. तोच पावसाळ्यात चाळीच्या पुनर्विकासाची बैठक भरली. चाळ जुनी आहे, जिने डगमगतात, संडास सामाईक. नवे घर कोणाला नको? मलाही हवे आहे. बिल्डरच्या माणसांनी गुळगुळीत कागदाच्या पुस्तिका वाटल्या. पान उलटले आणि सौ.नी मला कोपराने ढोसले. गाड्यांच्या तळावर, चौथ्या मजल्याच्या उंचीवर एक 'जपानी उद्यान' दाखवले होते. दगड, वाळू, गर्द हिरवी सूचिपर्णी झाडे आणि मध्ये लालभडक मेपल!

मी उठून विचारले, "हे लाल झाड कोणतं?"

टाय लावलेला तरुण नम्रपणे म्हणाला, "सर, ते फक्त चित्रात आहे."

तोच मागून काकूंचा आवाज आला, "आणि आमचा बदाम कुठे आहे?"

त्याने नकाशावर बोट ठेवले. बदामाच्या जागी गाड्यांचा उतार होता.

त्या रात्री मला पुण्याची आठवण झाली. सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे यांच्या नावाचे उद्यान आहे, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ज्यांनी १९५८ साली 'बटाट्याची चाळ' पुस्तकरूपाने आणून चाळीला अमर केले, त्यांच्या नावाची बाग जपानी पद्धतीची असावी, हा योग मोठा गमतीचा. ओकायामा शहरात १७०० साली पुरी झालेली कोराकुएन नावाची बाग आहे, तिच्या धर्तीवर ही पुण्यातली बाग आखली आहे. पाण्याचे वळण, हिरवळीचे चढउतार, गोलाईने कातरलेली झुडपे हे सारे जपानी. पण लाल मेपलवाचून तिथे कुणाचे काही अडत नाही.

कोराकुएनच्या आखणीत एक युक्ती आहे. बागेबाहेरचा ओकायामाचा किल्ला बागेतून असा दिसतो, की तो बागेचाच भाग वाटावा. जपानी माळी याला 'शाक्केई' म्हणतात, म्हणजे उसनी घेतलेली शोभा. जे दूर उभे आहे ते आपले मानायचे आणि त्याला साजेल अशी जवळची मांडणी करायची. खरा जपानी माळी आमच्या चौकात आला असता, तर त्याने आधी बदामाला नमस्कार केला असता आणि मग कामाला सुरुवात केली असती.

त्याच्या वतीने आम्हीच कामाला लागलो. ज्यांना गॅलरीत हा प्रयोग करायचा असेल, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लाल रंगाला मागे गर्द हिरवा लागतो. जपानात ते काम पाइन वृक्ष करतात, आपल्याकडे मोरपंखी करील. सुरूचे झाड सूचिपर्णी दिसते, पण ते त्या कुळातले नव्हे. मोरपंखी मात्र खरोखर त्या कुळातली आहे आणि कुंडीत सुखाने राहते. तिला ऊन द्यावे, पण बुडाशी पाणी साचू देऊ नये. तिच्या पुढे क्रोटन ठेवावा. सावलीत क्रोटन हिरवट पडतो, उन्हात रंगतो.

आणि शरदाचा हट्टच असेल, तर पॉइन्सेटिया लावावा. हे झाड मूळ मेक्सिकोचे. त्याचे लाल 'फूल' म्हणजे खरी पानेच असतात. दिवस लहान झाले, की ती लाल होऊ लागतात. पण त्याला रात्रीचा सलग काळोख लागतो. आमच्याकडे ते तीन वर्षे हिरवेच राहिले, कारण गॅलरीतला दिवा रात्रभर जळतो. गेल्या वर्षी ऑक्टोबरपासून सौ.नी रोज संध्याकाळी सहाला त्यावर गोणपाटाने झाकलेली पाटी पालथी घातली आणि सकाळी आठला काढली. डिसेंबरात पाने लाल झाली. मात्र याची फांदी तोडली, की निघणारा चीक अंगाला लागू देऊ नये.

राहता राहिला बदाम. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने शहरातले झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान दिला आहे. आमचा बदाम पहिल्या मजल्यावरच्या थोरल्या काकांच्या मुंजीच्या साली लावलेला, आणि काका आता पंच्याऐंशीचे आहेत. कमिटीने नवा अर्ज केला आहे. इमारत हवी, पण उतार दुसऱ्या बाजूने घ्या आणि झाड ठेवा, असा. जमेल की नाही, देव जाणे. आराखडा पुन्हा मांडू, असे बिल्डरच्या माणसांनी म्हटले आहे. 'म्हटले आहे' एवढेच मी लिहितो.

गिरगावात फणसवाडी आहे, आंबेवाडी आहे, केळेवाडी आहे. त्या वाड्यांतून हिंडताना नावातले झाड शोधून पाहावे, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. तिथे झाडांची नावे राहिली. आमच्या चाळीला झाडाचे नाव नाही. निदान झाड तरी राहावे.

पहिल्या अर्जावर माझी सही पहिली होती, हे सांगितलेच. या अर्जावर सही करायला मी पेन काढून गेलो, तर कागद भरत आलेला. काकूंची पहिली, सौ.ची दुसरी, झाडूवाल्या बाईचाही अंगठा. माझा नंबर तेविसावा लागला.

वाचकहो, फराळ आटोपला, की गॅलरीत या आणि समोर कोणते झाड आहे ते एकदा नीट पाहून ठेवा. आता ते हिरवे असेल. माघात पुन्हा पाहा आणि मला पत्राने कळवा.